स्टुडिओचे तास कापणाऱ्यांना उत्तर

कला महाविद्यालयातल्या स्टुडिओची आता गरज उरलेली नाही, हे मत सध्या सिद्ध झाल्यासारखं बोललं जातं. अभ्यासक्रम ठरवणाऱ्या बैठकांत ते ऐकू येतं. मुलीला चित्रकलेला घालावं की नको या विचारात पडलेल्या पालकांच्या तोंडी ते असतं. जाहिरात संस्थांत स्थिरावलेली माणसं ते सल्ला म्हणून देतात. दुःख याचं, की त्यावर काही कलाशिक्षकही माना डोलावतात. मला या मताचा राग येतो. ते चुकीचं तर आहेच, पण त्याची किंमत मोजणारी मुलं त्या बैठकांत कधीच नसतात.

विरोधकांचं म्हणणं आधी त्यांच्याच जोरात मांडतो. यंत्राला चार ओळी लिहून दिल्या की काही सेकंदांत चित्र तयार होतं. मग मुलांनी डाँकीवर, म्हणजे चित्र काढण्याच्या बाकावर, बसून आठवडाभर प्लास्टरच्या डोक्यावर छटा का लावत बसावं? तंत्र शिकायचंच असेल तर यूट्यूबवर सगळं फुकट आहे. प्रतिभा असेल तर शिकवावी लागत नाही आणि नसेल तर शिकवून येत नाही; व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांना मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयाने प्रवेश नाकारला होता, त्यांचं काय अडलं? आजची कला कल्पनेवर चालते, हाताच्या कसबावर नाही. शिवाय स्टुडिओची ही पद्धत इंग्रजांनी आणलेली, ती किती दिवस वाहायची? नोकरी देणारे सॉफ्टवेअर येतं का एवढंच विचारतात. आणि शेवटी हिशेब: ज्या खोलीत शंभर मुलं बसून व्याख्यान ऐकू शकतात, तिथे वीस ईझल मांडली की जागा संपते.

सात मुद्दे. सातही तपासून पाहू.

पहिला यंत्राचा. यंत्र चित्र देतं हे खरंच आहे, आणि एक मागितलं तर चाळीस देतं. त्या चाळीसांतलं कुठलं घ्यायचं, कुठलं फेकायचं आणि का, हे कोण ठरवणार? ज्याची नजर तयार आहे तो. मग नजर तयार कुठे होते?

लाइफच्या वर्गात पहिल्या वर्षाचा मुलगा उभ्या मॉडेलचं चित्र काढतो, तेव्हा काय होतं ते पाहा. मॉडेलने भार एका पायावर टाकलेला असतो. मुलगा दोन्ही पाय सारखेच काढतो आणि कागदावरचा माणूस पडायला लागतो. काहीतरी बिघडलंय हे त्याला दिसतं, काय ते कळत नाही. शिक्षक त्याला पेन्सिल ओळंबा म्हणून धरायला सांगतात आणि गळ्याच्या खळग्यातून सरळ खाली उतरायला लावतात. ती रेघ भार घेतलेल्या पायाच्या घोट्यापाशी येते. मग त्याला दिसतं की त्या बाजूची कंबर वर उचललेली आहे आणि तिथलाच खांदा खाली झुकलेला आहे. हे वाक्य आत्ता तुम्ही वाचलंत तेवढ्याने ते तुमचं झालं नाही. त्याचं होतं, कारण त्याने दहा पडणारी माणसं काढली आणि दहा वेळा खोडली. असा विद्यार्थी पुढे कुठलंही चित्र पाहील, हाताने काढलेलं किंवा यंत्राने बनवलेलं, तेव्हा त्यातला खोटा भार, दोन दिशांनी पडलेल्या सावल्या, शरीराला न लागलेली मान त्याला तत्क्षणी खटकेल. ज्याने हे कधी केलंच नाही, तो यंत्राने दिलेलं गुळगुळीत चित्र मुकाट्याने स्वीकारेल. यंत्र जितकं सामर्थ्यवान होईल, तितकी ते नाकारू शकणारी नजर जास्त लागेल. म्हणजे यंत्राच्या काळात स्टुडिओचे तास वाढवायला हवेत. आपण नेमके तेच कापायला निघालो आहोत.

दुसरा मुद्दा यूट्यूबचा. व्हिडिओतून माहिती मिळते, हे मान्य. पण व्हिडिओला तुमचा कागद दिसतो का? एचिंगचं उदाहरण घ्या. जस्ताच्या पत्र्यावर ग्राउंड, म्हणजे आम्लरोधक लेप, चढवायचं, त्यावर सुईने रेखाटायचं, पत्रा आम्लात सोडायचा, रेघ किती खोल खायला द्यायची हे ठरवायचं, शाई भरायची, पुसायची, ओलसर कागद ठेवून प्रेसखालून काढायचा. छाप उलटा येणार हे डोक्यात ठेवून मुळातच उलटं रेखाटायचं. हवेत गारठा असला की आम्ल सावकाश खातं, ताजं असलं की झपाट्याने. शाई जरा जास्त पुसली गेली की छाप फिका. हे सगळं त्या क्षणी, त्या पत्र्याकडे बघून शेजारी उभ्या असलेल्या माणसाने सांगायचं असतं. आणि आम्लाचं तसराळं, एचिंग प्रेस, लिथोचा दगड, मातीची भट्टी घरात कोण ठेवणार? बसलेलं मॉडेल कोणाला परवडणार?

शिवाय व्हिडिओ कापून जोडलेला असतो. महाराष्ट्रात चित्रकाराने भर सभेत समोर मॉडेल बसवून प्रात्यक्षिक देण्याची मोठी परंपरा आहे. तिथे विद्यार्थी काय पाहतो? मुरलेला चित्रकारही तासाभराने केलेलं पुसतो, मागे सरकून डोळे बारीक करून बघतो, नाकाखालची छाया तीनदा बदलतो. संकलनात नेमका हाच भाग कापला जातो, आणि शिकण्यासारखं नेमकं तेच असतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सोबत. एका मॉडेलभोवती वीस जण वीस कोनांतून बसलेले असतात. मधल्या सुट्टीत मुलगी उठते, सगळ्यांच्या बोर्डांवरून फिरते आणि आपल्याला न दिसलेलं दुसऱ्याला कसं दिसलं हे पाहते. पडद्यासमोर एकट्याने बसून हे शिक्षण कसं होणार?

तिसरा मुद्दा प्रतिभेचा, आणि लक्ष्मण यांचं नाव त्यातलं आवडतं शस्त्र. त्यांना प्रवेश नाकारला गेला, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. त्यावरून काय सिद्ध होतं? प्रवेश देणाऱ्यांचा निर्णय चुकला, एवढंच. प्रवेशाची चाळणी सदोष असेल तर चाळणी बदला. स्टुडिओ बंद करण्याचा निष्कर्ष त्यातून कसा निघतो? आणि लक्ष्मण काय न काढता लक्ष्मण झाले? लहानपणापासून ते दिसेल ते रेखाटत होते. त्यांचे कावळे पाहा, पक्षी कसा बसतो आणि मान कशी वळवतो याचा किती अभ्यास त्यांत आहे. चित्रकार हुसेन यांचं नावही असंच घेतलं जातं. पण त्यांनी मुंबईत सिनेमाची होर्डिंग्ज रंगवली, आणि भव्य आकार, झपाट्याची रेघ आणि दुरून वाचता येणारा रंग हे त्या कामात घोटून घेतलं. कोल्हापूरचे बाबूराव आणि आनंदराव पेंटर हे मेस्त्री बंधू कुठल्या महाविद्यालयात गेले नाहीत. त्यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले, आणि बाबूरावांनी पुढे स्वतः कॅमेरा घडवून सिनेमा काढला. महाविद्यालयाबाहेर घडलेल्या या माणसांपैकी एकही कार्यशाळेबाहेर घडलेला नाही. कोणाची कार्यशाळा रस्त्यावर होती, कोणाची नाटकाच्या पडद्यामागे. आज ते पडदे नाहीत आणि हाताने रंगवलेली होर्डिंग्जही गेली. ज्या मुलाला तशी कार्यशाळा घराण्यातून मिळत नाही, त्याच्यासाठी महाविद्यालयाचा स्टुडिओ हीच एक जागा उरली आहे. तीही काढून घ्यायची?

चौथा मुद्दा सर्वांत प्रतिष्ठित: आजची कला कल्पनेची आहे. पण कल्पना आणि हात यांची ही फारकत केली कोणी? वासुदेव गायतोंडे यांनी १९४८मध्ये जे. जे.ची पदविका घेतली. त्यांच्या अमूर्त चित्रांत ओळखीचा आकार नाही, मॉडेल नाही. पण रोलर आणि पॅलेट नाइफने रंगाचे थर चढवायचे, उतरवायचे, एका थरातून दुसरा किती झिरपू द्यायचा हे ठरवायचं, हे सगळं हाताचंच काम आहे. २०१४मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं सिंहावलोकनी प्रदर्शन झालं, तेव्हा जगाने पाहिलं ते त्या थरांत उतरलेलं चिंतन. प्रभाकर बरवे जे. जे.मधून बाहेर पडल्यावर वीव्हर्स सर्व्हिस सेंटरमध्ये विणकरांसाठी काम करत होते. पुढे त्यांनी इनॅमल रंग वापरले आणि वस्तू व अवकाश यांच्या नात्यावर ‘कोरा कॅनव्हास’ लिहिलं. मराठीत चित्रकलेवर इतका सूक्ष्म विचार करणारा माणूस माध्यमाच्या इतक्या जवळ होता, याला योगायोग म्हणायचं का? मांडणशिल्पांचीच साक्ष हवी असेल तर सुदर्शन शेट्टी आहेत. तेही जे. जे.मध्ये चित्रकला शिकले, मग मांडणशिल्पाकडे वळले, आणि २०१६च्या कोची-मुझिरिस बिएनालेचे क्युरेटर झाले. कल्पनेच्या कलेचे दाखले म्हणून ज्यांची नावं घेतली जातात, ते असे स्टुडिओतून आलेले निघतात. साहित्य अडवतं, मोडतं, वेगळं वागतं, तेव्हा कल्पनेला आपली चूक कळते. मातीत ओल राहिली की शिल्प भट्टीत फुटतं. त्या फुटण्यातून जे कळतं ते संकल्पनेच्या टिपणातून कधीच कळणार नाही.

पाचवा मुद्दा वसाहतीचा. जे. जे. १८५७मध्ये इंग्रजांच्या राज्यात सुरू झालं, त्यामागे जमशेटजी जीजीभॉय यांची एक लाख रुपयांची देणगी होती, आणि ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती विलायतेहून आल्या. हा इतिहास नाकारण्याचं कारण नाही. पण त्या स्टुडिओंत बसून आपल्या माणसांनी काय केलं, हे स्टुडिओविरोधक का सांगत नाहीत? १८७२पासून तिथले शिक्षक ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली जे. जे.चे विद्यार्थी हंगामामागून हंगाम अजिंठ्याच्या लेण्यांत बसून भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करत होते. त्या प्रतिकृतींपैकी बऱ्याचशा पुढे लंडनमध्ये लागलेल्या एका आगीत जळाल्या. पण अजिंठ्याची रेघ ज्यांनी इंच इंच हाताने अनुभवली, त्यांच्या नजरेतून ती कशी पुसली जाणार? व्हिक्टोरिया टर्मिनसच्या भिंतींवरचं कोरीवकाम करण्यात जे. जे.च्या विद्यार्थ्यांचे हात होते. गणपतराव म्हात्रे यांनी विद्यार्थिदशेत ‘मंदिरपथगामिनी’ घडवली. युरोपीय शिल्पशिक्षणातून पूजेला निघालेली मराठी स्त्री उभी राहिली. चित्रकार धुरंधर १८९०मध्ये विद्यार्थी म्हणून आले, तिथेच शिक्षक झाले, आणि आपल्या आत्मचरित्राला त्यांनी नाव दिलं ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’. इंग्रजांच्या कचेरीत राबलेला माणूस असं नाव देईल का? चित्रकार सूझांना तर १९४५मध्ये राजकीय कारणांवरून जे. जे.तून काढून टाकलं गेलं. दोन वर्षांनी त्यांनी रझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाकरे यांच्यासह प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा केला आणि अकादमीला आव्हान दिलं. त्यांच्यातले अनेक जण याच स्टुडिओंत घडले होते. म्हणजे बंड करणाऱ्यांना बंड करण्याइतकं बळ देणाऱ्या याच जागा होत्या. त्या बंद केल्याने वसाहतवाद कसा संपणार?

सहावा मुद्दा नोकरीचा, आणि पालकांच्या मनात तो सर्वांत खोल बसला आहे. सॉफ्टवेअर यायला हवं, यात वाद नाही. पण आज शिकलेलं सॉफ्टवेअर मुलगी नोकरीला लागेपर्यंत बदललेलं असतं. न बदलणारं काय आहे? पडद्यावर झळकणारा निळा छपाईत जांभळट का येतो, हे ज्याने शाई हाताळली त्याला कळतं. एकच राखाडी पिवळ्यावर वेगळा आणि काळ्यावर वेगळा का दिसतो, हे ज्याने पोस्टर कलरचे तुकडे रंगवून शेजारी शेजारी चिकटवले त्याला कळतं. अक्षरांचं पाहा. देवनागरीच्या बोरूचा काप रोमन टाकाच्या उलट असतो, म्हणून आपल्या अक्षरात जाड आणि बारीक भाग वेगळ्या जागी येतात. हे ज्याच्या मनगटात नाही, त्याने पडद्यावर बनवलेली देवनागरी परकी दिसते. र. कृ. जोशी जे. जे.मध्ये शिकले, जाहिरात क्षेत्रात गेले, आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकवू लागले. विंडोजवर लाखो लोकांनी ज्यातून मराठी वाचली तो ‘मंगल’ फाँट त्यांनी रचला. संगणकावरच्या मराठीचा चेहरा घडवणाऱ्या माणसाची साधना बोरू आणि कुंचल्याची होती. चित्रकार दीनानाथ दलाल जे. जे.तून बाहेर पडले आणि १९४५मध्ये त्यांनी ‘दीपावली’ हा अंक सुरू केला. मराठी घरांत चित्र पोचलं ते त्यांच्या मुखपृष्ठांवरून. हे बाजारातलंच काम होतं ना?

आधुनिक डिझाइनचं शिक्षणच मुळी कार्यशाळेतून सुरू झालं. १९१९मध्ये वायमारला बाउहाउस उघडलं, तेव्हा विद्यार्थ्याला आधी प्राथमिक अभ्यासक्रमात कागद, लाकूड, काच, कापड हाताळावं लागे. नंतर कार्यशाळेत एक गुरू आकाराचा आणि एक गुरू कसबाचा असे. अहमदाबादला १९६१मध्ये राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली, तिच्या पायातही कार्यशाळा होत्या. डिझाइनच्या नावाने स्टुडिओ कापणारे डिझाइनचाच पाया उखडत आहेत.

आता सातवा मुद्दा, म्हणजे खरं कारण. बाकीचे सहा या एकासाठी पुढे केले जातात. स्टुडिओ महाग पडतो. त्याला जागा लागते, उत्तरेचा उजेड लागतो, साहित्य लागतं, मॉडेलचं मानधन लागतं, आणि वीस मुलांमागे एक शिक्षक लागतो. क्रेडिटच्या तक्त्यात तर स्टुडिओची किंमत आधीच अर्धी लावलेली आहे: व्याख्यानाचा एक तास म्हणजे एक क्रेडिट, प्रात्यक्षिकाचे दोन तास म्हणजे एक क्रेडिट. करून पाहणं हे ऐकण्याच्या निम्म्या मोलाचं, असं ज्या तक्त्यात लिहिलं आहे, त्यात सर्वांत आधी कात्री कुठे लागणार हे सांगायला हवं का?

आणि ती कात्री कोणावर चालते? ज्याच्या घरी वेगळी खोली आहे, ज्याचे आईवडील खासगी शिकवणी, परदेशी कार्यशाळा, महागडी साधनं घेऊ शकतात, त्याचं काही बिघडत नाही. बिघडतं ते जिल्ह्याच्या शाळेतून एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा देऊन, कलाशिक्षकाच्या आग्रहावरून, घरच्यांचा विरोध सोसून मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर किंवा पणजीच्या सरकारी महाविद्यालयात पोचलेल्या मुलाचं. वसतिगृहात त्याला एक खाट मिळते. मोठा कॅनव्हास ताणून ठेवायला, ओली माती झाकून ठेवायला, भट्टी पेटवायला त्याच्याकडे जगात एकच जागा आहे, आणि ती म्हणजे हा स्टुडिओ. ती सार्वजनिक मालमत्ता आहे. तिचे तास कमी करणं म्हणजे कला पुन्हा सुखवस्तू घरांच्या हवाली करणं.

एक आक्षेप मी मान्य करतो. अनेक स्टुडिओंची अवस्था वाईट आहे. तेच मडकं, तेच फडकं, तीच बाटली मांडलेलं स्थिरचित्र वर्षानुवर्षं तसंच असतं; शिक्षक सकाळी विषय देऊन दिसेनासे होतात आणि सबमिशनच्या दिवशी उगवतात; प्रेस गंजते, भट्टी बंद पडते. पण ही अवस्था केली कोणी? पदं रिक्त ठेवली, तासिकेवर माणसं नेमली, साहित्याचा निधी आटवला, आणि आता त्याच दुरवस्थेचा दाखला देऊन स्टुडिओच नको म्हणायचं? ग्रंथालयातल्या कपाटांना वाळवी लागली म्हणून वाचन बंद करायचं, असं कोणी सुचवलं तर आपण ऐकून घेऊ का?

तेव्हा माझं म्हणणं स्पष्ट आहे. स्टुडिओ हाच कला महाविद्यालयाचा अभ्यासक्रम आहे. कलेचा इतिहास, सौंदर्यशास्त्र, सॉफ्टवेअर, व्यवसायाचं ज्ञान हे सगळं त्याच्या आधाराने उभं राहतं. तो काढला तर उरते ती चित्रांविषयी बोलणारी, पण एकही चित्र ठामपणे निवडू किंवा नाकारू न शकणारी पदवीधरांची पिढी. म्हणून स्टुडिओचे तास कापू नका. कापले असतील तर परत द्या. रिक्त जागा कायमच्या भरा, बंद भट्ट्या पेटवा, गंजलेल्या प्रेस दुरुस्त करा, प्रात्यक्षिकाच्या तासाला व्याख्यानाच्या तासाइतकंच क्रेडिट द्या. संगणक स्टुडिओत जरूर आणा, पण ईझलच्या शेजारी. ईझल बाहेर काढून नव्हे. आणि पालकांनो, मुलीला कला महाविद्यालयात घालण्याआधी तिथली संगणकाची प्रयोगशाळा दाखवतील ती पाहाच, पण आधी एक प्रश्न विचारा: आठवड्यात मुलं किती तास उभी राहून, हाताने, शिक्षकाच्या नजरेसमोर काम करतात? उत्तर देताना कोणी अडखळलं, तर ते महाविद्यालय तुमच्या मुलीसाठी नाही.